कारापूरच्या किंदळावरचा घाव

ईराने गेल्या महिन्यात कॅनडाहून एक फोटो पाठवला. तिच्या बैठकीच्या खोलीत, भिंतीवर, कातडी म्यान घातलेली एक कुऱ्हाड टांगलेली आहे. कुठल्याशा लोहाराने हाताने घडवलेली, दांड्याला जवसाचे तेल चोळलेले. खाली तिने लिहिले होते, ‘आजी, सुट्टीत आम्ही रानात तंबू ठोकतो तेव्हा ही वापरतो. इथे लोक कुऱ्हाडींचे अगदी वेडे असतात. तुला गंमत वाटेल.’

गंमत वाटली, पण वेगळ्याच कारणाने. असल्या वेड्यांच्या संगतीत मी निम्मे आयुष्य काढले आहे, हे माझ्या नातवंडांना ठाऊकच नाही. तुमच्या लेखी आजी म्हणजे इंग्रजी शब्दकोडी सोडवणारी आणि कपाटातल्या घड्या मोडू न देणारी बाई. तेव्हा या दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या दुकानाबद्दल लिहा’ म्हटले, तसे मी ठरवले की हे ईराला आणि नीलला उद्देशूनच लिहायचे. तुम्ही मराठी हळूहळू वाचता, म्हणून सोपे लिहिते. इतर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

डिचोलीच्या बाजारात आमचे लोखंडी सामानाचे दुकान होते. खिळे, साखळ्या, कुलपे, कढया, विळे, कोयते आणि कुऱ्हाडी. मी म्हापशाला इंग्रजी शाळेत शिकले, बेळगावला बी. ए. झाले आणि लग्न होऊन या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. तुमचे आजोबा खाणीच्या ऑफिसात नोकरीला. मामंजींची कंबर धरली तेव्हा दुकानात बसायला दुसरे कोणी नव्हते. मी आधी काय केले, तर सगळे खण रिकामे करून पुसले आणि प्रत्येकावर चिठ्ठी लावली. गिऱ्हाइके म्हणायची, “वयनी, खिळे दिसतात की. त्यांचे नाव कित्याक लिहिले?” मी म्हणायची, कशाला काय, माझ्यासाठी. महिन्याभरात त्यांनाही सवय झाली.

एका खणावर मात्र मला कधीच चिठ्ठी लावता आली नाही. तो कुऱ्हाडींचा. त्यातल्या दोन कुऱ्हाडी सारख्या नसत.

त्या यायच्या पेडण्यातल्या इब्रामपुराहून. तिथे शाणू मेस्त नावाचे लोहार होते. आमच्याकडे चांगल्या कारागिराला मेस्त म्हणतात. काटक, थोडे वाकलेले, पुढचे दोन दात नसलेले. बुधवारच्या बाजाराला ते पहिल्या बसने म्हापसा आणि तिथून दुसऱ्या बसने डिचोली असे यायचे, गोणपाटात गुंडाळलेली पाती मांडीवर घेऊन. टपावर टाकायला त्यांनी कधी दिली नाहीत. कंडक्टर म्हणायचा, “मेस्त, भुरग्याची तिकीट काढ.” भुरगे म्हणजे मूल.

कुऱ्हाड कशी होते ते सांगते, कारण मला वाटते तुमच्याकडच्या म्यानवाल्या कुऱ्हाडीचीही गोष्ट फार वेगळी नसेल. पात्याचे अंग मऊ लोखंडाचे असते आणि धारेच्या जागी कडक पोलाद जोडलेले असते. सगळे पाते मऊ केले तर धार वाकते, सगळे कडक केले तर पहिल्याच गाठीवर तडकते. मेस्तांचे पोलाद आमच्या खाणींच्या कृपेने यायचे. लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांचे मोडलेले कमानपाटे ते विकत घ्यायचे. लोखंड आणि पोलाद एकत्र लाल करून, घणाखाली एकजीव करून, मग खरी परीक्षा म्हणजे पाणी देणे. तापलेली धार पाण्यात बुडवून काढली की तिच्यावर रंग सरकू लागतात. आधी फिका पिवळा, मग गव्हाळ, मग मोरपिशी. गव्हाळ रंग धारेवर पोहोचला त्या क्षणी पुन्हा पाणी. एक श्वास उशीर झाला की कुऱ्हाड कायमची मऊ. मेस्त हे काम करताना कोणाला बोलू द्यायचे नाहीत, स्वतःच्या बायकोलाही नाही. बायको म्हणायची, “लग्न झाल्यापासून तेवढीच काय ती शांती.”

कुऱ्हाड दांड्याशिवाय विकायची, ही आमच्याकडची पद्धत. दांडा ज्याचा त्याने करायचा. धामणीचे लाकूड, चुलीवरच्या माळ्यावर धुरात सुकवलेले, आपल्या हाताच्या मापाने तासलेले. वरून घालून खाली ओढायचा, म्हणजे प्रत्येक घावागणिक पाते आणखी घट्ट बसते. मी दुकानात नवी होते तेव्हा गिऱ्हाइकांची सोय म्हणून डझनभर कुऱ्हाडींना सारख्या लांबीचे, रंगवलेले दांडे बसवून ठेवले होते. आठवडाभर लोक येऊन बघून गेले, जसे घरात बसवलेला दुसऱ्याचा जावई बघावा. एकही विकली गेली नाही. मामंजींनी सगळे दांडे काढले आणि चुलीला लावले.

बुधवारी दुकानापुढच्या बाकावर कुऱ्हाडवेडे जमायचे. लाकूडतोडे असायचे, पण सगळ्यात मोठे वेडे दोघे, आणि दोघांचाही धंदा लाकडाचा नव्हता.

एक परब मास्तर. सरकारी प्राथमिक शाळेत मराठी शिकवायचे. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, कडक इस्त्री. घरची लाकडे स्वतः फोडायचे आणि रविवारी रानात भटकायचे. नवी पाती आली की ते आधी डोळे मिटायचे. पाते दोरीला लटकवून खिळ्याने टिचकी मारायची आणि नाद ऐकायचा. चांगले पाणी बसलेले पाते देवळातल्या लहान घंटेसारखे वाजते आणि बराच वेळ वाजत राहते. आत कुठे केसाएवढी भेग असेल तर नाद भांड्यावर भांडे आपटल्यासारखा येतो. मेस्तांचे म्हणणेच होते, “कुराड आदी आयकूची, मगे बघूची.” नाद पटला की मास्तर डोळे उघडायचे, धार नाकासमोर धरून सरळ रेषेत बघायचे, मनगटावरचे चार केस काढून दाखवायचे आणि मग बोलायला लागायचे. शाळेत मुलांना दहापैकी सहाच्या वर गुण न देणारा हा माणूस कुऱ्हाडीचे कौतुक करायला लागला की थांबायचा नाही. चांगल्या घावाला त्यांनी वाईट म्हटले, असे मी ऐकले नव्हते. भांडण झालेल्या माणसाचा घावसुद्धा ते वाखाणायचे आणि मग त्या माणसाला नावे ठेवायचे.

दुसरा पेद्रू पदेर. पदेर म्हणजे पाव भाजणारा. आमच्या वाड्याच्या टोकाला त्याची भट्टी होती. पहाटे सायकलवर वेताची टोपली बांधून, भोंगा वाजवत तो उंडे आणि पोई विकत कारापूरपर्यंत जायचा. भट्टीला लाकूड लागते म्हणून तो उभे झाड विकत घ्यायचा आणि स्वतः पाडायचा. मास्तरांना कुऱ्हाडीवर बोलता यायचे, पेद्रूला ती चालवता यायची. त्याच्या हातात कुऱ्हाड असली की घाव पडताना ऐकू यायचा, उचलताना दिसायचा नाही. दोघे एकमेकांशिवाय चहा घ्यायचे नाहीत, आणि चहा घेताना भांडल्याशिवाय राहायचे नाहीत.

“मास्तर, तुजी कुराड शाळेत घेवन वच. भुरगीं भियेतलीं.”

“पेद्रू, तुझे पाव घेऊन मी झाड पाडेन. तेवढे कडक असतात.”

त्यांचा एक खेळ होता. कोणीतरी खिशातून लाकडाची ढलपी काढून काउंटरवर ठेवायची आणि विचारायचे, ओळखा, कुणाची कुऱ्हाड? मास्तर ती उजेडात धरायचे, नखाने चाचपायचे. ढलपीची जाडी, कापाचा उतार, पात्याचा बाक, धारेला खोच असेल तर तिने लाकडावर उठवलेली दोऱ्याएवढी रेघ, हे सगळे वाचून ते नाव सांगायचे. “ही मेस्तांचीच. पण चालवलीय म्हाद्याने. घाईत होता.” बाक हसायचा, लाकूडतोड्या म्हादू लाजायचा. गाड हवालदार ड्युटी संपवून यायचे तेसुद्धा खेळात रंगायचे. मास्तर कधी चुकले नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. बघता बघता मलाही थोडेफार वाचता येऊ लागले. मी कोणाला सांगितले नाही.

एकदा हरमलच्या किनाऱ्यावर राहणारा एक जर्मन आला. पेडण्यात कोणाच्या तरी हातात मेस्तांची कुऱ्हाड बघून विचारत विचारत पोहोचला होता. लुंगी, जटा, गळ्यात शंखांची माळ. मामंजी मला हळूच म्हणाले, “गल्ल्याकडे लक्ष ठेव.” त्या माणसाने पाते उचलले आणि कोणी न सांगता कानाशी नेऊन टिचकी मारली. मास्तर उठले, त्यांनी त्याला आपल्या जागेवर बसवले. मी दुभाषी म्हणून पुढे झाले, पण माझी काहीच गरज पडली नाही. तासभर ते दोघे आपापल्या भाषेत बोलत होते, मधूनमधून धारेवरून अंगठा फिरवत होते आणि माना डोलवत होते. तो मग इब्रामपुराला जाऊन काही दिवस मेस्तांकडे राहिला. मेस्तांना मी विचारले, कसा होता? म्हणाले, “भातो बरो मारता. बोलता खूप, पण आमका कळना मां, म्हणून बरो.”

आता त्या दिवसांकडे येते ज्यांच्यासाठी हे लिहायला घेतले.

गोवा घटकराज्य होण्याच्या आधीचा तो काळ. राजभाषा कोणती, कोंकणी की मराठी, यावरून सगळा प्रदेश पेटला होता. तुम्हाला हे समजावून सांगणे अवघड आहे, कारण आमच्या घरात बोलणे कोंकणीतले, पत्रे मराठीतली आणि माझ्या चिठ्ठ्या इंग्रजीतल्या. यात निवडायचे काय, असे मला वाटायचे. पण लोकांना निवडावे लागले. परब मास्तर मराठीच्या सभांमध्ये बोलायला लागले. पेद्रू कोंकणीच्या मोर्चात पुढे. एका बुधवारी बाकावर शब्दाला शब्द वाढला. पेद्रू म्हणाला, “तू घरा आवयकडेन खंयचे भाशेंत उलयता?” मास्तर म्हणाले, “आईवर जाऊ नकोस.” त्यानंतर बाकाच्या एका टोकाला मास्तर, दुसऱ्या टोकाला पेद्रू, आणि मध्ये बसायला कोणी तयार नाही.

मास्तरांनी पेद्रूचे पाव बंद केले. घरात भाकरी सुरू झाली. त्यांची बायको आमच्या मागच्या दाराने येऊन माझ्याकडून चार उंडे न्यायची आणि मास्तर शाळेत गेल्यावर मुलींबरोबर खायची. पेद्रूला ते ठाऊक होते. तो मला चार उंडे जास्त द्यायचा.

त्याच हंगामात पेद्रूच्या कुऱ्हाडीला खोच पडली. कोणा घरमालकाने आंब्याच्या खोडात ठोकलेला खिळा आत राहिला होता, त्यावर घाव बसला. घासून काढ म्हणून मी सांगितले तर तो म्हणाला, घासली तर मेस्ताचे पोलाद उणे होते. खोच तशीच राहिली. बाकावरच्या सगळ्यांनी ती पाहिली होती.

मग कोंकणीवाल्यांचा तो बंद आला. ठिकठिकाणी झाडे पाडून रस्ते अडवले गेले. कारापूरजवळ रस्त्याकडेचा एक मोठा किंदळ पहाटे आडवा झाला आणि त्या बाजूने जाणाऱ्या सरकारी गाड्या अर्धा दिवस अडकल्या. कोणाला इजा झाली नाही, पण वरून हुकूम सुटले. त्या पहाटे त्या रस्त्यावर सायकलवरून जाताना पेद्रूला लोकांनी पाहिले होते. आता पेद्रू रोजच पहाटे तिथून जायचा, त्यामुळे एवढ्यावर काही सिद्ध होत नव्हते. पण पोलिसांनी त्याला बसवून ठेवले. भट्टीशी आनी, म्हणजे त्याची बायको, एकटी. पुरावा मिळाला असता तर खटला, तुरुंग, आणि सरकारने दिलेले भट्टीचे लायसन गेले असते. आनी माझ्याकडे आली आणि काउंटरला धरून नुसती उभी राहिली.

गाड हवालदारांनी चांगल्या हेतूने एक गोष्ट केली. आपल्या नव्या साहेबांना, डिचोलीची एक नवलाई म्हणून, ढलपी ओळखण्याच्या खेळाबद्दल सांगितले. इन्स्पेक्टर केरळकडचे, तरुण, सभ्य, हुशार. त्यांना मराठी, कोंकणी येत नव्हती. त्यांनी गाड हवालदारांना पाठवले. परब मास्तरांना घेऊन या, आणि इंग्रजी येणाऱ्या त्या दुकानवाल्या बाईंनाही.

मास्तरांबरोबर मी जीपमध्ये बसले. वाटभर माझ्या मनात एकच होते. हा मराठीचा कडवा कार्यकर्ता आणि तो कोंकणीचा. आणि त्याहूनही वाईट म्हणजे चांगल्या घावापुढे मास्तरांची जीभ कधी आवरत नाही.

किंदळ रस्त्यावरून बाजूला ओढलेला होता. बुंधा तसाच उभा. किंदळाचे लाकूड कठीण, त्यावर घावाची रेघन् रेघ उमटते. बाजूला चिखलात तीन कुऱ्हाडी मांडल्या होत्या. एक पेद्रूच्या घरून आणलेली, एक लाकडाच्या वखारीतली, एक जवळच्या घरातली. पेद्रू दोन शिपायांच्या मधे उभा होता. दाढी वाढलेली, सदऱ्यावर पीठ.

इन्स्पेक्टर मला म्हणाले, “त्यांना विचारा, यातल्या कोणत्या कुऱ्हाडीने हे झाड पाडले.”

मास्तर बुंध्याजवळ उकिडवे बसले. मी त्यांच्या मागे उभी होते. आणि मी तो काप पाहिला. तिरके, गुळगुळीत, ताटाएवढे घाव. एकावर दुसरा असा बसलेला, की मधे बोट ठेवायला जागा नाही. अंधारात, घाईत, धरपकडीच्या भीतीत केलेले ते काम होते आणि ते असे दिसत होते जणू कोणी सकाळभर निवांत कोरत बसले होते. आणि प्रत्येक घावाच्या खालच्या बाजूला, एकाच जागी, दोऱ्याएवढी उठलेली रेघ.

मास्तरांनी कापावर तळहात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते मी ओळखत होते. बुधवारी नाद पटल्यावर यायचे तेच. मी घाबरले ती तो चेहरा पाहून. आता हे बोलायला लागतील आणि थांबणार नाहीत.

त्यांनी कापावरून एकदा अंगठा फिरवला. मग उठून हात झटकले.

“यातली एकही नाही,” मास्तर म्हणाले. “साहेबांना सांगा, ही शहरातल्या बाजारातली फॅक्टरीची कुऱ्हाड आहे. आणि चालवणारा नवशिका. आयुष्यात पहिल्यांदा धरली असेल. घावाला घाव नाही. आमच्याकडचे लहान पोरसुद्धा याहून बरे झाड पाडेल.”

मी भाषांतर केले. शब्दाला शब्द. माझ्या शिक्षणाचा एवढा नेमका उपयोग त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही नाही.

मागून घोगरा आवाज आला. “कोण नवशिको?”

पेद्रूची मान लाल झाली होती. शिपायांनी दंड धरले तरी तो पुढे सरकत होता. “खंय दिसलो तुका नवशिको? दोळे फुटल्यात?”

इन्स्पेक्टर मला म्हणाले, “काय म्हणतो तो?”

“म्हणतो, भट्टी विझत चालली आहे, घरी जाऊ द्या,” मी म्हणाले.

गाड हवालदारांना कोंकणी कळत होती. त्यांनी समोरच्या माडाकडे बघायला सुरुवात केली आणि बघतच राहिले.

साहेब खरोखरच हुशार होते. ते वाकले आणि कापावरच्या त्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवले. “ही काय आहे?”

“लाकडाची शीर,” मास्तर म्हणाले. “किंदळाला असते.”

साहेबांनी पेद्रूची कुऱ्हाड उचलली आणि धारेवरची खोच दाखवली. “आणि ही?”

मास्तरांनी उरलेल्या दोन्ही कुऱ्हाडी उचलून त्यांच्या हातात दिल्या. वखारीतल्या कुऱ्हाडीला तर करवतीसारखे दात पडले होते. “रानात चालणारी कुऱ्हाड अशीच असते, साहेब. जिला खोच नाही ती भिंतीवर टांगलेली असते.”

मी तेही सांगितले. साहेबांनी मास्तरांकडे, मग पेद्रूकडे, मग माझ्याकडे पाहिले. त्यांना किती कळले ते मला आजही ठाऊक नाही. त्यांनी विचारले, हे दोघे मित्र आहेत का? मी म्हणाले, गेले कित्येक महिने एकमेकांशी बोलत नाहीत, वाटल्यास कोणालाही विचारा. हे खरे होते आणि त्यानेच काम केले. संध्याकाळी पेद्रूला सोडले.

पुढच्या बुधवारी तो दुकानात आला. मला वाटले, आभार मानायला. मास्तर आपल्या टोकाला बसलेले. पेद्रू त्यांच्याकडे पाठ करून काउंटरशी उभा राहिला.

“वयनी, मास्तराक विचार. घावाक घाव ना म्हणजे कितें?”

मास्तर रस्त्याकडे बघत म्हणाले, “वहिनी, त्यांना सांगा, जे म्हणायचे ते म्हटले.”

“वयनी, ताका विचार, लहान पोर पाडटलें?”

“वहिनी, त्यांना सांगा, सुटला आहेस तर गप बस.”

“सुटलों तें सुटलों. पूण आख्खो बाजार म्हाका हांसता.”

दोघांनाही दोघांच्या भाषा येत होत्या. मी मधे उभी राहून एकीतून दुसरीत घालत होते, कारण दोघेही ऐकत नव्हते. शेवटी मला हसू आवरेना. मी म्हणाले, तुमचे तुम्ही बोला, मला गिऱ्हाइके आहेत. आणि आत गेले. मग मास्तरांचा आवाज आला, अगदी हळू, आणि कोंकणीत. “पेद्रू, असलो घाव हांवें जल्मांत पळोवंक ना. म्हणून तशें म्हणलें.” पळोवंक ना म्हणजे पाहिला नाही.

पेद्रूने काय उत्तर दिले ते ऐकू आले नाही. दोन चहा मागवल्याचे ऐकू आले.

शाणू मेस्त मात्र चिडून आले होते. आपल्या कुऱ्हाडीला कोणी फॅक्टरीची म्हटले, ही बातमी इब्रामपुरापर्यंत पोहोचली होती. त्यांनी पाती काउंटरवर टाकली आणि बस पकडून कारापुराला गेले, तो बुंधा बघायला. दुपारी परत आले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता. “बघून इलंय,” ते म्हणाले. “बरी आसा ती फॅक्टरी.” आणि दात नसलेल्या जागेतून शीळ घातल्यासारखे हसले.

पण गावात एकदा पसरलेली गोष्ट परत गोळा करता येत नाही. पेद्रू किंदळामुळे अडकला आणि नवशिका ठरून सुटला, एवढेच लोकांनी धरले. त्याला ‘फॅक्टरी पेद्रू’ नाव पडले. पोरे त्याच्या सायकलमागे ओरडायची. लाकूडतोडे बाकावर त्याला सल्ले द्यायचे, दांडा असा धर, पाय असा ठेव. जो माणूस डिचोली तालुक्यात सगळ्यात सुंदर झाड पाडायचा, तो हे ऐकून घ्यायचा. खरे सांगायची सोय नव्हती. मास्तर बाजूला बसून ओठ चावायचे. नंतर कधीही, कोणाच्याही घावाचे कौतुक करताना त्यांचा पूर्वीचा सूर लागला नाही. आणि काउंटरवर ढलपी ठेवली तर ते म्हणायचे, “डोळे गेले आता.” डोळे चांगले होते. मला याचे वाईट वाटते, पण दुसरे काय करता आले असते, ते मला अजून सुचलेले नाही.

भाषेचा कायदा झाला, घटकराज्य झाले. कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही जागा मिळाली, दोन्हीकडचे लोक थोडे खूश आणि थोडे नाराज राहिले. यांत्रिक करवती आल्या. मेस्तांच्या मुलाने ग्रिलचे काम सुरू केले. आमच्या दुकानात प्लास्टिकचे पाइप आले आणि त्या सगळ्यांवर मला चिठ्ठ्या लावता आल्या. पेद्रूची भट्टी त्याच्या जावयाने चालवायला घेतली. पण बुधवारी म्हातारे दोघे यायचेच. आता एकाच टोकाला बसायचे, दुसऱ्या टोकाला पिशव्या.

अशाच एका बुधवारी गाड हवालदार आले. केव्हाच निवृत्त झालेले, हातात काठी. कारापूरच्या त्या बंदाच्या सगळ्या केसेस सरकारने कधीच मागे घेतल्या होत्या. इकडचे तिकडचे बोलणे झाले. बाकावर आणखीही चारपाच जण होते, त्यातले निम्मे पेद्रूला ‘फॅक्टरी पेद्रू’ म्हणूनच हाक मारणारे. गाड हवालदार म्हणाले, “मास्तर, आता कोण कोणाला पकडत नाही. खरे सांगा. तो किंदळ कोणी पाडला?”

मास्तर ताठ बसले. मी काउंटरमागून बघत होते. इतकी वर्षे आत कोंडलेले सगळे त्यांच्या चेहऱ्यावर वर आले. पेद्रूला आता त्याचे नाव परत मिळणार, असे मला वाटले. त्याबरोबर मास्तर त्या दिवशी साहेबांपुढे, सगळ्यांदेखत, कुऱ्हाडीबद्दल खोटे बोलले होते, हेही बाजाराला कळणार होते. ज्यांची ओळख कधी चुकली नाही ते मास्तर. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

“ऐका,” ते म्हणाले. “त्या दिवशी मी…”

पेद्रूने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि मास्तरांच्या गुडघ्यावर हात टेकला.

“फॅक्टरीचीच आशिल्ली ती,” तो गाड हवालदारांना म्हणाला. “मास्तर केन्नाय चुकला?”